जुन्या सेस्नाचे पॅनेल बदलताना

आमच्या छोट्या विमानात वैमानिकासमोर उपकरणांचे जे पॅनेल असते, त्याच्या मागून काढलेल्या निरुपयोगी वायरींचे भेंडोळे मेकॅनिकने काट्यावर ठेवले, तेव्हा ते नऊ पौंड भरले. त्यांतली एकही वायर कोणत्याही चालू उपकरणाला जोडलेली नव्हती. काहींची टोके चिकटपट्टीने गुंडाळून सोडून दिली होती, काहींच्या नशिबी तेवढेही नव्हते. गेली आठ वर्षे मी आणि माझा भागीदार हे ओझे न्यू जर्सीहून मेन राज्यापर्यंत आणि तिथून परत, शंभर ऑक्टेनचे महागडे पेट्रोल जाळून, इमानेइतबारे वाहत होतो.

आमचे विमान १९७५ सालचे, सेस्ना १७२ एम, दीडशे अश्वशक्तीच्या लायकमिंग इंजिनाचे. इंजिनाची आम्ही निगुतीने काळजी घेतली होती, परंतु पॅनेलची अवस्था पिढ्यान्‌पिढ्या खोल्या वाढवत नेलेल्या वाड्यासारखी होती. प्रत्येक मालकाने आपल्या काळातले नवे यंत्र बसवले, जुने काढले आणि जुन्याची वायर जागीच ठेवली, कारण निरुपयोगी वायर काढण्याची मजुरी द्यायला कोणीही राजी नसतो. लोरान या जमिनीवरील मनोऱ्यांच्या आधारे चालणाऱ्या दिशादर्शन पद्धतीचे अमेरिकेतले प्रक्षेपण फेब्रुवारी २०१० मध्ये बंद झाले. आमच्या विमानात तिच्या अँटेनाची केबल अजून नांदत होती. एडीएफचा, म्हणजे जमिनीवरील रेडिओ केंद्राची दिशा दाखवणाऱ्या उपकरणाचा, काटा डायलवर होता, छतापासून शेपटीपर्यंत ताणलेली त्याची तारही होती, फक्त त्या काट्याने ज्यांच्याकडे बोट दाखवावे ती केंद्रे आमच्या परिसरातून जवळजवळ नाहीशी झाली होती.

सक्ती म्हणून जे करावे लागते ते आम्ही पूर्वीच केले होते. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत मोठ्या विमानतळांभोवतीच्या हद्दीत उडणाऱ्या विमानाला एडीएस-बी आवश्यक झाले, म्हणजे विमानाने जीपीएसवरून काढलेले स्वतःचे स्थान दर सेकंदाला आपणहून प्रक्षेपित करायचे. नेवार्क, केनेडी आणि लाग्वार्डिया या तिन्ही विमानतळांभोवती तीस सागरी मैलांची वर्तुळे काढली, तर आमची धावपट्टी त्यांत सापडते. त्यामुळे सुटका नव्हती. त्या वेळी शेपटीवरील दिव्याच्या जागी बसणारे एक छोटे उपकरण लावून आम्ही वेळ निभावली. नियम पाळला गेला, इतरांना आम्ही दिसू लागलो, आम्हाला मात्र कोणी दिसत नव्हते. हडसन नदीवरून खालच्या उंचीवर उडताना ही उणीव विशेष जाणवते, कारण तिथे नियंत्रक तुम्हाला वेगवेगळे ठेवत नाही. प्रत्येक वैमानिकाने ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आपण कोणत्या पुलापाशी आहोत हे सांगायचे आणि डोळे उघडे ठेवायचे. ८ ऑगस्ट २००९ रोजी तिथेच एक छोटे विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन नऊ जण मृत्युमुखी पडले. त्या नदीवरून जाताना ती तारीख मला दर वेळी आठवते.

तरीही पॅनेल उघडण्याचा निर्णय आम्ही घेतला तो एका पंपामुळे. आमच्यासारख्या जुन्या विमानात विमानाचा कल दाखवणारे कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक ही दोन उपकरणे हवेच्या ओढीवर गरगर फिरणाऱ्या चाकावर, म्हणजे जायरोवर चालतात आणि ती ओढ इंजिनाला जोडलेला व्हॅक्यूम पंप निर्माण करतो. पंपात कार्बनची पाती असतात. ती झिजतात, आणि एखाद्या दिवशी आधी काहीही न सुचवता तुटतात. पेनसिल्व्हेनियावरून परतताना आमच्या पंपाने मान टाकली. आकाश लख्ख होते, म्हणून हा प्रसंग आज मजेत सांगता येतो. त्या ओढीचा, म्हणजे सक्शनचा काटा शून्यावर गेला होता, पण माझे लक्ष त्याकडे नव्हते. मी कृत्रिम क्षितिजाकडे पाहत होतो आणि ते अतिशय सभ्यपणे, सावकाश डावीकडे कलू लागले होते. जायरोचा वेग एकदम जात नाही, हळूहळू उतरतो, आणि तेवढा वेळ उपकरण बिघडल्यासारखे दिसत नाही. ते ठामपणे खोटे बोलत असते. खिडकीबाहेरचे क्षितिज सपाट होते, तरीही माझा हात नकळत उजवीकडे वळला होता. ढगांत असतो तर त्या हाताला थांबवणारे काहीच नव्हते. मी नकाशाच्या पाउचमधला कागद फाडून ते उपकरण झाकले आणि घरी आलो.

नवे काय बसवायचे यावर भागीदाराचे आणि माझे तीन महिने मतभेद होते. त्याला मोठा पडदा हवा होता, उजवीकडून डावीकडे सगळे पॅनेल कापून. माझे म्हणणे असे, की विमानाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम त्याच्या काचेत घालणे हा हिशेब नाही, हौस आहे. आणि हौसेला माझा विरोध नसला तरी तिला हौसच म्हणावे. शेवटी आम्ही गार्मिन कंपनीची जीआय २७५ नावाची दोन पडद्याची उपकरणे घेतली. ही गोल आहेत आणि तीन पूर्णांक एक अष्टमांश इंचाच्या जुन्या भोकातच बसतात, त्यामुळे पत्रा कापावा लागत नाही. एक कृत्रिम क्षितिज दाखवते, दुसरे दिशा; वरचे गेले तर खालचे त्याचे काम उचलते आणि वीज गेली तरी आतली बॅटरी तासभर साथ देते. हवेवर चालणारा जायरो विमानातून पूर्णपणे गेला. त्यांच्या जोडीला जीएनएक्स ३७५ घेतले, ज्यात जीपीएस, रडारला विमानाची ओळख कळवणारा ट्रान्सपाँडर आणि एडीएस-बीची दोन्ही अंगे, पाठवण्याचे आणि घेण्याचे, एकाच पेटीत आहेत. बोलण्यासाठी जुना केएक्स १५५ रेडिओ ठेवला. तो उत्तम चालतो, आणि चालणारी वस्तू केवळ जुनी दिसते म्हणून काढणे मला जमत नाही.

ज्या दुकानात काम दिले तिथे सहा आठवड्यांचा वायदा होता, प्रत्यक्षात चौदा लागले. याबद्दल मी चडफडलो खरा, पण आता वाटते की वायदाच चुकीचा होता. अंदाजपत्रकात मजुरी यंत्रांच्या किमतीला जवळजवळ येऊन भिडली होती आणि ती पाहून माझ्या पोटात गोळा आला होता; विमान उघडल्यावर तो हिशेब समजला. पुढच्या दोन्ही सीट काढायच्या, पाय मागे सोडून उताणे झोपायचे, डोके रडरच्या पेडलांजवळ घालायचे आणि दांडा, नळ्या, केबली यांच्या गर्दीतून एकेक वायर ओळखत, खूण बांधत काढायची. १९७५ च्या प्लॅस्टिकचे ते बाहेरचे झाकण तर हात लावताच पापडासारखे तडकले. नव्या वायरींचा जुडगा कोठेही पत्र्याच्या धारेवर घासू नये आणि यंत्र पुढे ओढून काढता येईल इतकी ढील त्याला असावी, एवढी दोन पथ्ये पाळण्यातच बरेच दिवस जातात. यंत्र बसवायला एक दुपार पुरते.

त्या काळात माझे सासरे आमच्याकडे राहायला आलेले होते. त्यांची नोकरी एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत, विजेच्या विभागात झाली. यंत्र बसवण्यासाठी लागणाऱ्या मान्यतेला इथे सगळे एसटीसी म्हणतात. तो शब्द ऐकून त्यांनी कान टवकारले होते आणि एका शनिवारी ते माझ्याबरोबर हँगरवर आले. नेमके त्याच दिवशी मेकॅनिकच्या कपाळावर आठ्या होत्या. दिशा ओळखणारा चुंबकीय संवेदक त्याने पंखाच्या टोकाशी बसवला होता. इंजिनापासून दूर म्हणून ती जागा चांगली, उजव्या पंखात फ्लॅपची मोटर असल्याने निवड डाव्या पंखाची. सर्व काही जोडून झाले होते, फक्त पंखाच्या टोकाचा दिवा लावला की पडद्यावरची दिशा सहा-सात अंश सरकत होती आणि दिवा बंद केला की निमूटपणे जागेवर येत होती. मेकॅनिक बटण दाबायचा, आकडा ३१२ वरून ३१८ वर जायचा. पुन्हा दाबायचा, ३१२. सासरे कमरेवर हात ठेवून दोन-तीन वेळा ते पाहत राहिले आणि मला म्हणाले, “जावईबापू, अर्थिंग बघायला सांगा त्यांना. आमच्या गाडीत ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद व्हायचा, त्यातलाच प्रकार आहे हा.”

मी ते इंग्रजीत सांगितले. मेकॅनिक हसला, कारण त्याच्या हातातल्या पुस्तिकेचे उघडे पान त्याच विषयाचे होते. मात्र सासऱ्यांचे निदान जागेपुरते बरोबर होते, कारण वेगळे होते. अर्थ खराब झालेला नव्हता. उलट फार छान लागलेला होता. धातूच्या छोट्या विमानांत दिव्याकडे वीज वायरीतून जाते आणि परतताना बहुधा पंखाच्या पत्र्यातूनच येते, ज्यामुळे एक वायर वाचते. पन्नास वर्षे याने कोणाचेही बिघडले नाही. परंतु पत्र्यातून वाहणारी वीज स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, आणि पृथ्वीचे क्षेत्र इतके क्षीण असते की शेजारी बसलेल्या संवेदकाला दिव्याची कुजबुज पृथ्वीइतकीच स्पष्ट ऐकू येते. उपाय असा, की परतीसाठी वेगळी वायर द्यायची आणि ती जाणाऱ्या वायरीला पीळ घालून गुंडाळायची, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या विजेची क्षेत्रे परस्परांना खोडून काढतात. पंखाच्या टोपीचे काही पोलादी स्क्रूही बदलावे लागले. त्यांतल्या एकाने जवळ धरलेले होकायंत्र चांगलेच फिरवले होते. “परतीचा रस्ता चुकला होता म्हणायचा,” एवढे बोलून सासरे पिळाच्या वायरीला किती फेरे घातले आहेत ते मोजू लागले.

पुढचे काम कागदाचे. बदल मोठा असेल तर मेकॅनिक फॉर्म ३३७ भरतो आणि त्याची एक प्रत ओक्लाहोमा सिटीला एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या, दप्तरी जाते. विमानाचे रिकामे वजन आणि तोल नव्याने लिहावा लागतो, उपकरणांची यादी बदलते, उड्डाणपुस्तिकेला पुरवणी जोडली जाते. ट्रान्सपाँडरमध्ये विमानाचा चोवीस बिटांचा स्वतःचा पत्ता भरायचा असतो. तो मी नोंदणीच्या कागदावरून अक्षरशः बोट ठेवून तपासला, कारण तिथे एक अंक चुकला की आकाशात तुमचे विमान दुसऱ्याच कोणाच्या नावाने हिंडू लागते. पहिल्या उड्डाणानंतर एफएएच्या संगणकाकडे नोंदणी क्रमांक कळवून आपले प्रक्षेपण नीट आहे का याचा अहवाल मागता येतो आणि तो ईमेलने येतो. आमच्या अहवालात लाल रंगाचा एकही रकाना नव्हता. जुन्या द्रवातल्या होकायंत्राचे विचलन, म्हणजे ते दिशा दाखवताना किती चुकते, तेही नव्याने मोजावे लागले. भर उन्हात, इंजिन आणि रेडिओ चालू ठेवून, दर तीस अंशांवर थांबत विमान वर्तुळात फिरवायचे आणि भागीदाराने छोट्या कार्डावर आकडे लिहायचे. एवढ्या काचेच्या शेजारी ते हाताने लिहिलेले कार्ड अजून डकवलेले आहे, आणि ते असणे नियमाने बंधनकारक आहे.

उडताना फरक पडला तो अपेक्षेहून वेगळा. जीपीएसच्या आधारे धावपट्टीच्या टोकाशी अडीचशे फुटांपर्यंत खाली नेणारा मार्ग मिळू लागला, शेजारची विमाने दिसू लागली, हे सर्व अपेक्षित होते. परंतु पहिले पाच-सहा तास मी पूर्वीपेक्षा वाईट उडालो. डोळ्यांना जुन्या काट्यांची सवय. उंचीमापकाचा काटा कुठे आहे हे मी न वाचता ओळखायचो, आकडा मात्र वाचावा लागतो, आणि वाचायला क्षणभर अधिक लागतो. शिवाय पडद्यावर पाहण्याजोगे इतके असते की खिडकीबाहेर पाहणे राहून जाते. प्रशिक्षकाला शेजारी बसवून मी चार फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत त्यांनी सरळ दोन्ही पडद्यांवर नकाशा उलटा ठेवला. शिवाय जीपीएसच्या माहितीचा संच दर अठ्ठावीस दिवसांनी नवा घ्यावा लागतो आणि त्याची वर्गणी वेगळी. विमान घेताना हा खर्च कोणी सांगितला नव्हता, कारण तेव्हाच्या पॅनेलला कशाचीच वर्गणी लागत नव्हती.

पंप, जायरो, एडीएफ, जुना ट्रान्सपाँडर आणि ते भेंडोळे जाऊन नवे सर्व आल्यावर विमान एकवीस पौंडांनी हलके झाले आहे, म्हणजे साडेतीन गॅलन पेट्रोल.

परत जाण्याच्या आदल्या रविवारी सासरे पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसले. राउंड व्हॅलीच्या जलाशयावर, तीन हजार फुटांवर, मी त्यांना म्हणालो, “मामा, डावीकडे बघा, पाणी किती निळं दिसतंय.” त्यांनी ऐकले नाही. त्यांनी मला पंखाच्या दिव्याचे बटण तीन वेळा चालू-बंद करायला लावले, आकडा तिन्ही वेळा जागचा हलला नाही, आणि मग ते खिडकीकडे वळले.