न्यूयॉर्कचं आफ्रिकन दफनस्थळ: दहा मिनिटांत फोटो काढून निघू नका

लोअर मॅनहॅटनमध्ये सिटी हॉलच्या उत्तरेला सरकारी कचेऱ्यांची गर्दी आहे. त्या गर्दीत ड्युएन स्ट्रीट आणि एल्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावर काळ्या ग्रॅनाइटचं एक उंच, निमुळतं बांधकाम उभं आहे. ब्रुकलिन ब्रिजकडे निघालेले बरेच प्रवासी कुंपणाबाहेरून एक फोटो काढतात आणि पुढे सरकतात. हे 'आफ्रिकन बरियल ग्राउंड नॅशनल मॉन्युमेंट', म्हणजे जुन्या न्यूयॉर्कमधल्या गुलाम आणि मुक्त आफ्रिकनांच्या दफनभूमीवरचं स्मारक. ते असंच उरकायचं असेल तर वाट वाकडी करू नका. सोबतचं प्रदर्शन न बघता नुसतं स्मारक पाहिलं, तर ते शहरातल्या आणखी एका दगडी शिल्पासारखं वाटतं. दोन-अडीच तास हाताशी असतील तरच जा आणि खाली दिलेला क्रम मोडू नका.

आधी वारांचं बघा, कारण सगळ्यात जास्त फजिती तिथेच होते. न्यूयॉर्कला आलेली पाहुणेमंडळी ही जागा रविवारसाठी राखून ठेवतात आणि रविवारी, सोमवारी ती बंद असते. मंगळवार ते शनिवार, सकाळी १० ते दुपारी ४ ही नेहमीची वेळ. हिवाळ्यात बाहेरचं स्मारक बंद ठेवतात आणि फक्त आतलं केंद्र उघडं असतं, असंही होतं. जागा नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्र सरकारच्या खात्याच्या ताब्यात आहे. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये अर्थसंकल्प अडकून सरकारी कामकाज थांबलं की इथेही कुलूप लागतं. निघायच्या दिवशी सकाळी त्यांच्या संकेतस्थळावर एक नजर टाकाच. प्रवेश फुकट आहे.

पोहोचायला सबवे उत्तम, फक्त 'चेंबर्स स्ट्रीट' या नावावर विसंबू नका. या नावाची तीन वेगवेगळी स्टेशनं आहेत: एक १, २, ३ या गाड्यांचं, दुसरं ए आणि सीचं, तिसरं जे आणि झेडचं. तिन्हींपासून चालत जाता येतं, पण फोनवर 'चेंबर्सला भेटू' एवढंच ठरवलं की दोघं जण दोन टोकांना उभे राहतात. जवळचं म्हणाल तर ४, ५, ६चं ब्रुकलिन ब्रिज–सिटी हॉल किंवा आर, डब्ल्यूचं सिटी हॉल. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना सोपा मार्ग असा: एडिसन किंवा मेट्रोपार्कहून एनजे ट्रान्झिटने न्यूअर्क पेन, तिथून पाथ रेल्वेने वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि पुढे ब्रॉडवेवरून उत्तरेकडे पंधरा मिनिटं पायी. गाडी आणू नका. पार्किंगचे दर डोळे पांढरे करतात आणि जानेवारी २०२५ पासून ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी आणण्याचा वेगळा टोलही लागतो.

सुरुवात २९० ब्रॉडवेपासून करा. टेड वाइस फेडरल बिल्डिंग या ३४ मजली सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर अभ्यागत केंद्र आहे. याच इमारतीत करखात्याच्या कचेऱ्या आहेत आणि पलीकडच्या २६ फेडरल प्लाझात इमिग्रेशनचं कामकाज चालतं. सकाळी त्या भागात फुटपाथवर रांगा असतात. रांग दिसली म्हणून उभे राहू नका, पार्क सर्व्हिसची पाटी शोधा. आत विमानतळासारखी तपासणी होते, बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते. किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा चाकू किंवा कॉर्कस्क्रू हमखास अडकतो, म्हणून तो हॉटेलवरच ठेवा. विमानतळावर जाता जाता इथे डोकवायचा बेत असेल तर मोठ्या बॅगांची सोय आधी दुसरीकडे लावून या.

आत वीस-पंचवीस मिनिटांचा माहितीपट दाखवतात, तो आधी बघा. मग प्रदर्शन. मधोमध पूर्णाकृती पुतळ्यांचा देखावा आहे: एका प्रौढाचं आणि एका लहान मुलाचं दफन आणि भोवती उभी असलेली मोजकीच माणसं. ती मोजकी का, हे समजून घ्या. १७२२च्या कायद्याने गुलामांचं दफन दिवसाउजेडीच उरकायचं बंधन घातलं, आणि १७३१ साली अंत्ययात्रेत बारापेक्षा जास्त माणसं नकोत असं ठरलं. १७१२ साली शहरात गुलामांचा उठाव झाला होता, त्यामुळे आफ्रिकन माणसं रात्री एकत्र जमण्याची गोऱ्यांना धास्ती होती. भिंतीवरचे फलक सोडलेत तरी चालेल, पण या देखाव्यापाशी थांबा.

थोडा इतिहास इथेच पक्का करून घेतला तर बाहेरचे दगड बोलू लागतात. आपल्याला हबशी म्हटलं की जंजिऱ्याचे सिद्दी आणि मलिक अंबर आठवतो. गुलाम म्हणून विकला गेलेला अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६२६ साली वारला आणि खुलताबादेत त्याचा घुमट उभा आहे. साधारण त्याच सुमारास डच वेस्ट इंडिया कंपनीने ११ आफ्रिकन पुरुषांना न्यू अॅमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला आणलं. पण दख्खनचं गणित मनात धरून इथे येऊ नका. अटलांटिकपलीकडच्या या गुलामीत वजीर होण्याची वाट नव्हती. १६९७ साली ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात आफ्रिकनांना पुरायला मनाई केली. मग उरली ती गावकुसाबाहेरची ओबडधोबड, उताराची जमीन. १६३०च्या दशकापासून १७९५ पर्यंत तिथे गुलाम आणि मुक्त मिळून सुमारे १५,००० आफ्रिकन पुरले गेले असावेत असा अंदाज आहे. वैद्यकीचे विद्यार्थी इथली प्रेतं चोरून नेत. १७८८ साली आफ्रिकन रहिवाशांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पण दाद लागली नाही. त्याच वर्षी शहरात डॉक्टरांविरुद्ध मोठी दंगल उसळली.

पुढे शहर उत्तरेकडे सरकलं तशी ही जमीन भराव टाकून सपाट केली गेली आणि तिचे प्लॉट पडले. हा भरावच थडग्यांच्या कामी आला. एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींची तळघरं त्याच्यातच संपली आणि खालच्या शवपेट्या शाबूत राहिल्या. जुन्या नकाशांवर दफनभूमीची नोंद होती, तरी एवढ्या बांधकामानंतर खाली काही शिल्लक नसणार असं धरून १९९१ साली २९० ब्रॉडवेचं काम सुरू झालं. सोळा ते पंचवीस फूट खोलीवर सांगाडे लागले. काम रेटायचा प्रयत्न झाला, त्यावर न्यूयॉर्कच्या आफ्रिकन अमेरिकन लोकांनी निदर्शनं केली, महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनीही विरोध नोंदवला, प्रकरण काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत गेलं आणि १९९२च्या जुलैत उत्खनन थांबलं. तोवर ४१९ जणांचे अवशेष बाहेर निघाले होते. टॉवर झाला. त्याला जोडून होणारी चार मजली इमारत मात्र रद्द झाली आणि आजचं स्मारक तिच्याच जागी आहे.

अवशेषांचा अभ्यास हॉवर्ड विद्यापीठात मायकल ब्लेकी यांच्या नेतृत्वाखाली झाला. प्रदर्शनातला हा भाग अजिबात वगळू नका. ४१९पैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास लहान मुलं होती. मोठ्यांच्या हाडांवर स्नायू जिथे चिकटतात तिथे ओझी वाहून उठलेले उंचवटे आहेत, काहींचे मानेचे मणके दबलेले आहेत. नोंद क्रमांक २५ ही एक तरुणी: बरगड्यांत बंदुकीची गोळी, मनगट मोडलेलं. क्रमांक ३४० ही कानशीने घासून आकार दिलेल्या दातांची स्त्री. अशा दातांवरून ती आफ्रिकेतच जन्मली असावी असं मानतात. तिच्या कंबरेला शंभरावर मणी होते, सोबत कवड्या. कवडी ही हिंदी महासागरातली चीज. मालदीवच्या कवड्या जहाजं भरून पश्चिम आफ्रिकेत जात आणि तिथे नाणं म्हणून चालत, त्यांच्या बदल्यात माणसंही विकली जात. क्रमांक १०१च्या पेटीच्या झाकणावर खिळ्यांनी काढलेली पत्त्यांतल्या बदामासारखी, म्हणजे हृदयाच्या आकाराची आकृती होती. तिला घानाच्या अकान लोकांचं 'संकोफा' ('मागे वळून भूतकाळातून शिका' अशा अर्थाचं) चिन्ह मानलं गेलं. पुढे काही अभ्यासकांनी त्याबद्दल शंका काढली, कारण तशी बदामाची आकृती त्या काळच्या इतर शवपेट्यांवरही सापडते. स्मारकावर हेच चिन्ह ठळकपणे कोरलेलं आहे. ते बघताना हा वादही लक्षात असू द्या.

अकरा-साडेअकराला बाहेर पडा. टॉवर स्मारकाच्या पश्चिमेला आहे, दुपार कलली की त्याची सावली संपूर्ण जागेवर पडते. कोरीव अक्षरं वाचायला आणि फोटोला बाराच्या आतला उजेड बरा. ड्युएन स्ट्रीटवरून आत गेल्यावर आधी उजवी-डावी न करता हिरवळीवरचे सात उंचवटे शोधा. घानात हाताने कोरलेल्या महोगनीच्या ४१९ पेट्या, आतून घानाचं पारंपरिक केंटे कापड लावलेल्या, ४ ऑक्टोबर २००३ रोजी सात मोठ्या पेटाऱ्यांत ठेवून इथेच परत पुरल्या गेल्या. त्याआधी वॉशिंग्टनहून निघालेली त्यांची यात्रा वाटेतल्या शहरांतून थांबत थांबत आली होती. हे उंचवटे म्हणजे खरोखरीची थडगी आहेत. गवत मऊ दिसतं म्हणून मुलं धावतात, मोठी माणसं टेकायला जातात, दोन्ही टाळा. फुलं ठेवली तर चालतात.

मग पूर्वजांचा कक्ष, म्हणजे बाहेरून दिसणारं ते निमुळतं बांधकाम. रॉडनी लिऑन या वास्तुकाराने केलेलं हे स्मारक ऑक्टोबर २००७ मध्ये खुलं झालं. कक्षाची उंची २४ फूट आहे. अवशेष जेवढ्या खोल सापडले तेवढीच उंची वर घेतली आहे. आत शिरलं की दोन्ही भिंती अंगावर येतात, वर आभाळाची चिंचोळी पट्टी दिसते. गुलामांच्या जहाजाचं तळघर डोळ्यापुढे ठेवून ही रचना केली आहे. एका वेळी तीन-चार जणच जा. शाळेची सहल आत असेल तर दहा मिनिटं थांबणं परवडतं, कारण घोळक्यात इथे काहीच जाणवत नाही.

तिथून उतारावरून वळत खाली गोलाकार चौकात उतरायचं. भिंतीवर आफ्रिका आणि तिच्या लेकरांच्या निरनिराळ्या धर्म-परंपरांची चिन्हं कोरली आहेत. उतारालगतच्या ओळी मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतात: दफनाचा क्रमांक, बाई की पुरुष, अंदाजे वय. नाव एकाचंही नाही. सावकाश उतरत त्या वाचा. खालच्या फरशीवर अटलांटिकच्या दोन्ही काठांचा नकाशा आहे आणि इथे लोक पूर्वजांना पाणी अर्पण करतात. असं तर्पण चालू असेल तर कॅमेरा खाली ठेवून बाजूला उभे राहा. घासलेला ग्रॅनाइट पावसात निसरडा होतो, गुळगुळीत तळाचे बूट नकोत. बसायला जागा फार नाही. ज्येष्ठांना आधी केंद्रात बसवून, स्वच्छतागृहाचं काम तिथेच आटपून मग बाहेर आणा.

स्मारकाचा तुकडा लहानसा आहे, मूळ दफनभूमी मात्र साडेसहा एकरांच्या घरातली. ढोबळमानाने ब्रॉडवेपासून लाफायेट स्ट्रीटपर्यंत आणि चेंबर्सपासून ड्युएनपर्यंत. म्हणजे बाहेर पडून एल्क स्ट्रीटने चेंबर्सकडे चालू लागलात की तुम्ही दफनभूमीवरूनच चालता. एल्कच्या या भागाला आता 'आफ्रिकन बरियल ग्राउंड वे' असं नाव आहे. पूर्वेला दोन मिनिटांवर फोली स्क्वेअरमध्ये लोरेंझो पेस यांचं २००० सालचं काळं ग्रॅनाइटचं शिल्प आहे, तेही याच दफनस्थळाच्या स्मरणार्थ. ते उंच आहे, लांबूनच नीट दिसतं.

पोटपूजेला मॉट आणि बेयर्ड स्ट्रीटचा चायनाटाउन दहा मिनिटांवर. शाकाहारी असाल तर सूप कशाच्या पाण्यात केलंय हे विचारून घ्या.

पायांत बळ असेल तर ब्रॉडवेवरून दक्षिणेला वीस मिनिटांवर ट्रिनिटी चर्च आहे, १६९७च्या मनाईचं. तिथून वॉल स्ट्रीटने सरळ नदीकडे जा. वॉटर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर २०१५ साली लावलेली एक माहितीची पाटी आहे. १७११ ते १७६२ या काळात शहराचा गुलामांचा बाजार या भागात भरत असे. पाटी छोटी आहे, बँकेच्या इमारतींकडे बघत चाललात तर हुकते. परतीला २ आणि ३ या गाड्यांचं वॉल स्ट्रीट स्टेशन तिथून पाच मिनिटांवर आहे.