४३१ च्या जागी ४१३

नांदेड जिल्ह्यातल्या एका टपाल कार्यालयात मी काउंटरवर असते. प्रवेशाचे दिवस आले की पाकीट पाठवणाऱ्यांइतकीच गर्दी ‘आमचं कुठं अडकलं’ विचारणाऱ्यांची होते.

त्या दिवशी एका काकांनी मोबाइल पुढे धरला. मुलीचं जात वैधता प्रमाणपत्र पुण्याहून पुतण्याने स्पीड पोस्टने पाठवलं होतं आणि परवा कॉलेजात मूळ प्रत दाखवायची होती. “मॅडम, कालपासून एकच लिहून येतंय, बॅग्ड. थैलीत टाकून विसरले का काय?”

विसरले नव्हते. पाकीट थैलीत गेलं, थैलीला सील लागलं की पुढे स्कॅन होते ती थैली. आरएमएसच्या (रेल्वे मेल सर्व्हिस, टपालाची छाननी करणारा विभाग) हॉलमध्ये ती उघडून आतला माल बाहेर काढेपर्यंत पाकिटाच्या नावावर नवी नोंद पडत नाही. लोकांचा जीव टांगणीला लागतो तो याच मधल्या वेळात, आणि तो त्रास मला रोज दिसतो. काकांना मी हे सगळं नीट सांगितलं आणि बोलता बोलता तेरा अक्षर-आकड्यांचा नंबर संगणकावर टाकला.

नवी ओळ आली होती : ‘आयटम रिसीव्ह्ड’. काकांचा चेहरा खुलला. मी मात्र शेजारचं नाव वाचून दचकले. सोलापूर! लोक नोंद वाचतात, तिच्यापुढचं कार्यालय वाचत नाहीत. नांदेडचं पाकीट सोलापुरात उघडायचं कारणच नाही. चांगली वाटणारी ती ओळच खरी धोक्याची होती.

“पुतण्याला पावतीचा फोटो पाठवायला सांगा,” म्हटलं. पावतीवर पिनकोड ४१३ ने सुरू होत होता. आमचा ४३१. पहिले तीन आकडे टपाल कोणत्या सॉर्टिंग जिल्ह्यात जायचं ते ठरवतात. पत्त्यात गावाचं नाव बरोबर होतं, पण छाननी पिनवर चालते. पाकीट तिकडच्या एखाद्या गावच्या थैलीत गेलं असतं, तर पत्ता सापडत नाही म्हणून परत पुण्याला निघालं असतं.

मी सोलापूरच्या सॉर्टिंगला फोन लावला. तिथल्या सहकाऱ्याने नंबर लिहून घेतला, ढिगातून पाकीट शोधलं, पिन दुरुस्त केला आणि रात्रीच्या नांदेडच्या थैलीत घातलं. ज्याचं नावही मला ठाऊक नाही अशा माणसाने फोनवरच्या एका विनंतीवर एवढं केलं, याचं मला फार मोल वाटतं.

काकांच्या गावी शाखा डाकघर आहे. तिथून वाटप होण्यात आणखी एक दिवस गेला असता. म्हणून मी म्हटलं, “मुलीलाच उद्या आधार कार्ड घेऊन इथं पाठवा.”

दुसऱ्या दिवशी थैली उघडली, पाकीट होतं. मुलगी वडिलांसोबत आली, सही केली, काउंटरवरच पाकीट फोडून नावातलं अक्षर न् अक्षर तपासलं. मी ‘डिलिव्हर्ड’ची नोंद केली. काकांनी तेवढ्यात पिनकोड एका कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून मागितला. पुतण्या दिवाळीला फराळाचा डबा पाठवणार होता.