हा दोर नाही

शिडाच्या जहाजावर मी पाळीप्रमुख म्हणून जाते. पंधरा ते पंचवीस वयाची दहाएक मुलं माझ्या पाळीत असतात आणि जहाज त्यांनीच चालवायचं असतं. खेळ म्हणून नव्हे. दोर ओढले नाहीत तर जहाज जात नाही. १९४१ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीवाले लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला अशी शाळा काढली, ती टॉर्पेडोने जहाज बुडालं तरी तरुण खलाशी तगावेत म्हणून. आता टॉर्पेडोची भीती नाही. तरी घरी खोलीबाहेर न पडणारी मुलं माझ्याकडे येतातच.

त्या खेपेला सतरा वर्षांचा एक मुलगा होता. पहिले दोन दिवस उलट्या, तिसऱ्या दिवशी डोलकाठीवर चढायची पाळी. कमरेला पट्टा, सुरक्षेचा दोर, सगळं नीट होतं. चौथ्या पायरीवरून तो खाली आला. वर जायची सक्ती कुणावरही करायची नाही, हा नियम मीच मुलांना सांगितलेला. तरी मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "अरे, एकदा प्रयत्न तर कर." तेव्हापासून त्याने माझ्याकडे बघणंच सोडलं.

रिकाम्या वेळी तो कठड्याशी फिरे. दोर गुंडाळायच्या खुंट्यांवरून, डोळे मिटून, हात फिरवत. मला वाटलं, रुसलाय.

पाचव्या रात्री आमची पाळी बारा ते चार होती. डेकवर टॉर्च लावत नाहीत; डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि एका झोतात ती सगळी कमाई जाते. म्हणून दोरांच्या जागा ठरलेल्या असतात, हाताला सापडाव्यात अशा. अडीचच्या सुमारास वारा वाढला. एक शीड आवरायचं ठरलं. त्यासाठी आधी शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर सैल करायचा, मग कोपरा वर ओढून घ्यायचा. मी घाईत खुंटीवरचा एक वेढा काढला, दुसऱ्याला हात घातला.

"ताई, थांबा. हा नाही."

मी हात तसाच ठेवला.

"याच्यावर वरची आडवी काठी आहे. तुमचा पुढचा, डावीकडचा."

बोटांनी चाचपून पाहिलं. खरंच. वेढे सुटले असते तर ती काठी धाडकन खाली आली असती. डेकवर आठ मुलं उभी होती. माझ्या तोंडाला कोरड पडली. बारा वर्षं हे काम करतेय मी.

काढलेला वेढा त्यानेच परत घातला, बरोबर इंग्रजी आठच्या आकड्यात. मग शेजारचा दोर माझ्या हातात दिला आणि बाकीच्यांना हाक मारली, "ओढा!" त्याचा आवाज एवढा मोठा आहे, हे पाच दिवसांत कुणाला ठाऊक नव्हतं. नंतर कोको पिताना मी त्याला डोलकाठीपाशी केलेल्या त्या बोलण्याबद्दल सॉरी म्हटलं. "हं," म्हणाला. दोराबद्दल मात्र पाऊण तास बोलला.

असली मुलं दहा दिवसांत बदलतात, असं मी पालकांना कधी सांगत नाही. घरी गेल्यावर काय होतं, ते मला दिसत नाही.

शेवटच्या दिवशी एक फॉर्म भरायचा असतो. त्यात प्रश्न आहे: डोलकाठीवर चढलात का? त्याने ‘नाही’वर खूण केली आणि पेन मला परत दिलं.