मास्क पुसायचं बटण

बंदुकीचे गेम मला लवकर कंटाळवाणे होतात. पण 'मेट्रो: लास्ट लाइट' खेळताना मी बंदूक कमी आणि मास्कच जास्त सांभाळला. हा २०१० च्या 'मेट्रो २०३३' चा पुढचा भाग, २०१३ मध्ये आलेला. अणुयुद्धानंतर माणसं मॉस्कोच्या मेट्रोत राहतात. वर गेलात की हवा विषारी, म्हणून गॅस मास्क. मनगटावरच्या घड्याळात मास्कचा हवा गाळणारा फिल्टर किती टिकेल ते दिसतं. मास्कच्या काचेवर चिखल-रक्त उडालं की बटण दाबायचं, गेमचा नायक आर्त्योम हाताने काच पुसतो. चांगल्या गोळ्या हाच तिथला पैसा, म्हणजे त्या झाडल्या की खिसाच रिकामा!

थिएटर स्टेशनवर एक म्हातारा पोरांना हाताच्या सावल्या करून दाखवतो. पोरांना जनावरं ओळखूच येत नाहीत. धाकटा भाऊ शेजारी बसला होता, म्हणाला, "दादा, ह्यांनी काहीच बघितलं नाही काय रे?" तिथं आम्ही गोळीबार सोडून उभेच राहिलो.

बनवणारा फोर-ए गेम्स हा स्टुडिओ युक्रेनमधल्या कीव्हचा. मधेच प्रकाशक टीएचक्यू बुडाली, गेम डीप सिल्व्हर या दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला. टीएचक्यूचे माजी अध्यक्ष जेसन रुबिन यांनी लिहिलं होतं की फोर-एची मंडळी थंडीत, वीज जाणाऱ्या ऑफिसात काम करायची. आमच्या खानापुरात पावसाळ्यात लाईट गेली की पीसी बंद आणि शेवटच्या चेकपॉइंटपासून परत सुरू, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी.

खेळणार असाल तर आवाज रशियन ठेवा, खाली इंग्रजी अक्षरं. इंग्रजी संवाद फारच नाटकी आहेत.