स्टँडबाय पंप आणि पिवळी नळी

आमच्या घरात ‘रेग्युलेटर’ म्हटलं की आई ओट्याखाली वाकून बघते. त्यामुळे मागच्या रविवारी दांडियाबाजारच्या घरी जेवताना मी म्हणाले, ‘स्कूबाचा नवीन रेग्युलेटर घेणारे, जास्तीचा,’ तर तिचा पहिला प्रश्न, ‘एक धड चालतोय ना, मग दुसरा कशाला?’ बाबांचा हात मात्र ताटातच थांबला. त्यांची उभी नोकरी कोयलीला रिफायनरीत, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. ‘जास्तीचा’ हा शब्द त्यांच्यासमोर उगाच वापरायचा नसतो.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी स्कूबा शिकले, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन समुद्रात खाली उतरायला. सिलिंडरमधली हवा नळीने तोंडात देतो तो रेग्युलेटर. बडोद्याहून समुद्र काही हाकेच्या अंतरावर नाही, त्यामुळे वर्षातून दोन सहली, तेवढंच. रेग्युलेटर सोडला तर बाकी सामान भाड्याचंच वापरत आले. पण गेल्या डिसेंबरात एक प्रकार घडला. कुठे ते सांगत नाही, कारण अर्धी चूक आमचीच होती. सोळा मीटरवर नवऱ्याने त्याच्या सिलिंडरच्या दाबाचा काटा दाखवला, तीस बार. भरलेल्यात साधारण दोनशे असतात. फार उशिरा पाहिला होता त्याने. माझ्याकडे बऱ्यापैकी हवा होती, म्हणून माझ्या सिलिंडरवरून त्याने श्वास घ्यायचा आणि दोघांनी वर जायचं असं खुणेनं ठरलं. माझी पिवळी नळी, म्हणजे ऑक्टोपस, माझ्याच सिलिंडरला जोडलेला जास्तीचा रेग्युलेटर, त्याने तोंडात घेतला, एक श्वास ओढला आणि खोकायलाच लागला. हवेबरोबर खारं पाणी येत होतं. पुढच्या क्षणाला त्याने थेट माझ्या तोंडातला रेग्युलेटर उपसला.

राग नाही आला, वेळच नव्हता. लोंबणारा ऑक्टोपस चाचपून सापडवला, हवेच्या झोताने पाणी बाहेर ढकलणारं पर्ज बटण दाबलं आणि जीभ टाळूला लावून हळूहळू ओढत राहिले, म्हणजे पाणी घशात जात नाही. तशीच वर आले. बोटीवर उघडून पाहिलं तर उच्छ्वास बाहेर टाकणाऱ्या रबरी पडद्याखाली वाळूचे दोन-तीन कण अडकलेले. ऑक्टोपस कुठेतरी तळाला घासत आला असणार. तो कमरेपाशी लटकत ठेवणारी मीच. आणि पाण्यात उतरण्याआधी त्यातून एकही श्वास न घेणारीही मीच.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ‘तुमचा स्टँडबाय शेवटचा कधी चालवला होता?’ मी गप्प. त्यांच्याकडे एक पंप चालू आणि एक राखीव असायचा, पण राखीव नुसता उभा नाही ठेवायचे. ठरलेल्या दिवशी दोघांची अदलाबदल, म्हणजे कुठलाच जाम होत नाही. मग दुसरा प्रश्न: ‘दोन्ही एकाच लाइनवर आहेत?’ आहेत. सिलिंडर एक, फर्स्ट स्टेज एक. ती साधारण दोनशे बारचा दाब आसपासच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त इतक्यावर आणते, आणि तिथून फुटलेल्या दोन नळ्यांच्या टोकाला दोन सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचे तुकडे. ‘मग तो तुझा स्टँडबाय नाहीच गं. तो शेजाऱ्याला दिलेला नळ आहे.’

बरोबर आहे. ऑक्टोपस मुख्यतः जोडीदारासाठी. फर्स्ट स्टेज बंद पडली तर दोन्ही गेले. स्वतःसाठी खरा राखीव हवा तर पोनी, म्हणजे वेगळा लहान सिलिंडर आणि त्याचा वेगळा रेग्युलेटर. तीन लिटरचा, दोनशे बारला भरला की सहाशे लिटर हवा. वीस मीटरवरून एकट्याला शांतपणे वर यायला पुरून उरते. पण तो विमानाने न्यायचा तर रिकामा करून, झडप उघडून, वजनाचे पैसे भरून, आणि तिथे पोचल्यावर भरून घेणं आलंच. वर्षाला दोन सहलींसाठी एवढा खटाटोप मला झेपणार नाही. बाबांना हे पटलेलं नाही, ते अजून ‘लाइन वेगळी हवी’वर आहेत. बाटलीएवढे छोटे सिलिंडरही मिळतात, पंच्याऐंशी लिटरवाले. वीस मीटरवर घाबरलेला माणूस मिनिटाला शंभर लिटर सहज ओढतो. म्हणजे मिनिटभरही नाही. ते मी सरळ सोडून दिले.

मग दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मांडणी केली. वीस मीटरवर दाब तीन बार. दोघं धास्तावलेले, पाण्याबाहेरच्या मापाने माणशी मिनिटाला तीस लिटर धरले, तर तिथे दोघांचे मिळून एकशे ऐंशी. सावरायला एक मिनिट आणि मग मिनिटाला नऊ मीटरच्या वेगाने वर, की साडेचारशेच्या आसपास लिटर लागतात. वाटेत सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं तर सातशेच्या वर. आणि नेहमीच्या अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये पन्नास बार उरले तर असतात साडेपाचशे! इतकी वर्षं ‘पन्नासला वर’ हे पाठ म्हणत होते, पण गुणाकार कधी केला नव्हता. आता आम्ही दोघंही सत्तरला निघतो.

दुकानदाराने मला स्वस्तातला ऑक्टोपस दाखवला. ‘बेन, वापरतो कोण तो?’ माझ्या मते हाच तर्क उलटा आहे. वापरणारा आधीच धापा टाकत असतो, त्याला जड ओढणारा तुकडा द्यायचा? पण ओढायला फार हलका असेल तर पाण्यात तोंड वर झालं की आपोआप भसाभस हवा सोडतो. म्हणून कमी-जास्त करायची कळ असलेला घेतला, माझ्या मुख्य सेकंड स्टेजसारखाच, त्याच कंपनीचा. सर्व्हिसचं किटही एकच लागतं. फर्स्ट स्टेजवर ‘ईएन २५०’ या युरोपियन मानकाच्या पुढे ‘ए’ आहे ना, तेही पाहिलं. दोघं एकदम ओढत असताना ती पुरी पडते की नाही, याची चाचणी झाली असा त्या अक्षराचा अर्थ. इन्फ्लेटरमध्येच, म्हणजे तरंगण्याच्या जॅकेटात हवा भरायच्या-सोडायच्या नळीतच, बसवलेला ऑक्टोपसचा प्रकार ओळखीच्या एका सोसायटीच्या तरणतलावात करून पाहिला. नळी एक कमी होते खरी, पण त्यातूनच श्वास घ्यायचा आणि त्याच हाताने जॅकेटची हवा सोडायची, हे मला साडेपाच फुटांतही जमेना.

आणि एक बदल. घाबरलेला माणूस पिवळं शोधत नाही, समोरच्याच्या तोंडातलं ओढतो, हे मी अनुभवलं. मग देण्याचा तोच ठेवू. माझ्या तोंडातल्या रेग्युलेटरला आता उजव्या काखेखालून येणारी शंभर सेंटिमीटरची पिवळी नळी आहे. राखीव, आखूड नळीचा, रबरी दोरीने गळ्यात मंगळसूत्रासारखा. हनुवटी खाली केली की तोंडात. प्रत्येक डाइव्हला पाच मिनिटं त्यावरच श्वास घ्यायचा, बाबांच्या पंपांसारखी अदलाबदल.

शनिवारी पार्सल आलं. बाबांनी डबा माझ्याआधी उघडला. सिलिंडर नसताना गळती तपासायची सोपी रीत त्यांना दाखवली: फर्स्ट स्टेजचं तोंड बंद करायचं, माउथपीस तोंडात धरून ओढायचं, हवा यायला नको. त्यांनी ओढलं. ‘गळतंय!’ पाहिलं तर टोपण सैल बसलेलं. घट्ट बसवून पुन्हा दिलं. या वेळी गाल आत गेले, डोळे बारीक झाले आणि हात सोडले तरी रेग्युलेटर ओठांना चिकटून तसाच लोंबत राहिला. ते हलेनात, बोट वर करून सेकंद मोजत होते.

आई शेवउसळीचं पातेलं घेऊन दारात उभी. ‘अहो, ते काढा आधी तोंडातलं. निवतंय.’

बाबांनी आणखी एक बोट वर केलं.