कोर्दोबातली काकवी

स्पेनमधल्या कोर्दोबाला पोहोचेपर्यंत आईचे पाय सुजले होते. मुंबईहून माद्रिदला येताना मध्ये विमान बदलायचं होतं. तिथे आधीपासून सांगून ठेवलेली व्हीलचेअर आलीच नाही. ७२ वर्षांच्या बाईला विमानतळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवलं त्यांनी. तो राग अजून गेलेला नाही. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून वेगवान रेल्वेने पावणेदोन तास, तेवढाच प्रवास सुखाचा. पुढे जुन्या ज्यू वस्तीतल्या गल्लीत टॅक्सी शिरेना, मग गोट्यांच्या फरसबंदीवरून बॅगा ओढत निघालो.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. रस्त्याकडेची कडू संत्र्याची झाडं फुलली होती. आई एका झाडाखाली थांबली, म्हणाली, "आपल्या पपनसाच्या फुलांसारखा वास आहे गं."

साडेसहा वाजलेले आणि पोटात कावळे. हॉटेलं उघडी, पण जेवण मिळेना. स्वयंपाकघर साडेआठला सुरू होतं म्हणे. म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणार असाल तर दुपारीच पोटभर खाऊन घ्या. मी हे आधी विचारून घ्यायला हवं होतं, आईला उपाशी ठेवलं याचं मला फार वाईट वाटलं. दोन तास आम्ही रोमन पुलावर काढले. खाली ग्वादालकिवीर नदी, समोर इथल्या प्रसिद्ध जुन्या मशिदीची लांबच लांब भिंत, तिच्यावर पिवळं ऊन. एवढं सुंदर दृश्य, आणि आई मुकाट्याने पाय चोळत होती.

साडेआठला एका छोट्या खाणावळीत शिरलो. टोमॅटोचं थंड, दाट सूप 'साल्मोरेखो' ही इथली खासियत, पण त्यावर अंडं आणि हॅम पेरतात. मांस नको, अंडं नको, एवढं खुणांनी सांगितल्यावर वाढणाऱ्या काकांनी क्षणभर विचार केला आणि 'बेरेन्हेनास कोन मिएल' आणून ठेवलं. वांग्याचे कुरकुरीत काप, वर काळसर पाक.

'मिएल' म्हणजे मध, एवढं मला ठाऊक होतं. आईने एक काप तोंडात टाकला आणि थांबली. दुसरा खाल्ला. "अगं, हा मध कुठला? ही तर काकवीच की!"

आईचं माहेर कोल्हापूरजवळचं, तिचं बालपण गुऱ्हाळात गेलेलं. तिची जीभ चुकणं शक्य नव्हतं. मी काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मिएल दे कान्या." कान्या म्हणजे ऊस! अरबांनी या भागात ऊस आणला, आणि मालागाकडच्या फ्रिखिलियाना गावात हा उसाचा पाक आजही करतात. वांगंही तसंच आलेलं: त्याचं संस्कृत नाव फारसी-अरबीतून फिरत फिरत इथे 'बेरेन्हेना' झालंय.

काकांनी न मागता आणखी एका वाटीत पाक आणून दिला. भाकरीशी खावा तसा आई तो पावाला लावून खात होती. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. दुसऱ्या दिवशी मशिदीतले ८५६ खांब पाहिले, भव्यच आहेत ते, पण घरी आल्यापासून आई सगळ्यांना सांगते ती या वाटीबद्दल.

सव्वानऊला तिने माझा फोन मागितला. कोल्हापुरात रात्रीचा पाऊण वाजला असेल, उद्या कर, असं मी म्हणेपर्यंत मामाने फोन उचललाही होता.

"दादा, झोपलास का रे? अरे, इथं काकवी मिळाली!"