हतनूर भरलेलं, ट्यूबवेल मात्र खोल खोल

जानेवारीत जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणावर लोक पक्षी बघायला जातात; मीही त्यासाठीच गेलो होतो. तापी-पूर्णेचं अडवलेलं पाणी दूरवर पसरलेलं, उथळ काठाला चक्रवाकांच्या जोड्या, मध्ये थापट्या बदकांचे थवे. गाळाने या धरणाची साठवण खाल्ली, पण बदकांना हवी असते ती उथळ दलदलही त्याच गाळाने दिली. धरणाचं दुखणं पक्ष्यांच्या पथ्यावर पडलंय!

दुपारी सावद्यावरून रावेरकडे निघालो. दोन्ही अंगांना केळीच केळी. एका बागेत ट्यूबवेलमधून मोटार काढत होते. पाइपामागून पाइप वर येत होता, संपतच नव्हता.

"पाणी अजून खाली गेलं. कॉलमचे पाइप वाढवतोय," मालक म्हणाले.

"दादा, एवढं धरण शेजारी असून?"

त्यांनी सातपुड्याकडे बोट केलं. "धरण उताराला आहे, भाऊ. आमचं पाणी वरून येतं."

ही इथली खरी गोम. तापी खोल पात्रातून वाहते आणि जमिनीखालचं पाणी डोंगराकडून तिच्याकडे उतरतं. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू, रेतीचा पट्टा आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून सुसाट आलेले नाले इथे जिरतात, आणि तेच पाणी खालच्या गाळाच्या थरांत भरतं. जळगावच्या दक्षिणेला थोडं खोदलं की काळा पाषाण लागतो, इथे मात्र शेकडो फूट गाळ. म्हणून तर इतका उपसा जमला. ठिबकने झाडामागे पाणी वाचलं, पण माझ्या मते वाचलेल्या पाण्यावर केळीची नवी खोडं उभी राहिली. केळीला उन्हाळ्यात खाडा चालत नाही. उपसा बारमाही, जिरणं मात्र पावसाळ्यापुरतं.

याच पायथ्याला तापीचं पुराचं पाणी जिरवायचं, अशी मेगा रिचार्ज योजना आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात तिचा करारही झाला. त्याचं पाणी कधी दिसेल, यावर मालक नुसते हसले.

त्यांनी स्वतःचा उपाय दाखवला. आटलेल्या जुन्या विहिरीत पावसाळ्यात नाल्याचं पाणी सोडतात, आधी गोटे-वाळूच्या खड्ड्यातून गाळून. गढूळ पाणी थेट सोडलं तर तळ बुजतो, म्हणून ती वाळू दरवर्षी उपसून धुवावी लागते. मजुरी जाते, आणि जिरलेलं पाणी शेजाऱ्याच्या ट्यूबवेललाही मिळतं.

"त्याला म्हटलं, मजुरी अर्धी दे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू म्हणतो."